2010 ची सूट पदोन्नतीला लागू होत नाही

सर, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नेमणूक 2004 ची, शिक्षकांची किमान अर्हता ठरवणाऱ्या एनसीटीई या केंद्रीय परिषदेच्या 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने जुन्या शिक्षकांना टीईटीतून, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेतून, सूट दिली, पदोन्नती सेवाज्येष्ठतेने होते, तेव्हा पदवीधर शिक्षक (सहावी ते आठवीचा) व्हायला टीईटी लागेल असं लिहून मी उगाच घबराट पसरवतोय.

ती अधिसूचना काढून परिच्छेद 4 वाचा. 3 सप्टेंबर 2001 पासून तेव्हाच्या विनियमांप्रमाणे लागलेल्यांनी नवी किमान अर्हता मिळवायची गरज नाही, तुमच्यासाठी तिथे एवढंच आहे. पदोन्नतीबद्दल अक्षर नाही. ते एनसीटीईच्याच 12 नोव्हेंबर 2014 च्या विनियमांत, 4(बी) मध्ये सापडतं: एका स्तरावरून पुढच्या स्तरावर जाताना अनुसूचीतली किमान अर्हता लागू. पहिली ते पाचवी हा एक स्तर, सहावी ते आठवी दुसरा. उपशिक्षकाचा पदवीधर शिक्षक होतो तेव्हा नेमका हाच उंबरठा ओलांडला जातो.

मद्रास उच्च न्यायालयाचा 2 जून 2023 चा निकाल जुन्या शिक्षकांच्या बाजूचा म्हणून सगळीकडे फिरला. 29 जुलै 2011 पूर्वी लागलेल्यांची नोकरी टीईटीविना चालू राहील, असं त्यात होतंच. पण पदोन्नतीला टीईटी हवीच, हेही त्यातच होतं. पुढे 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने नोकरीची सूटही काढली. पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्यांना दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं आहे. त्याहून कमी उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण टीईटीविना पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे.

‘जागा जुन्या नियमाच्या काळात रिकामी झाली, म्हणून जुनाच नियम लावा’ हा तुमचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या 1983 च्या रंगय्या निकालावर उभा आहे. तो निकाल त्याच न्यायालयाने 2022 मध्ये हिमाचल प्रदेशच्या राजकुमार प्रकरणात मोडीत काढला. पदोन्नतीसाठी तुमचा विचार होतो त्या दिवशीचे नियम बघितले जातात. ज्येष्ठता पात्र उमेदवारांमधला क्रम ठरवते, पात्रता देत नाही. त्यामुळे टीईटीधारक कनिष्ठ सहकारी आधी पदवीधर शिक्षक झाला, तर त्या संवर्गाच्या यादीत तुम्ही त्याच्या मागे जाल. वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाच्या मनाला हे लागणारच, आणि तसं वाटणं रास्त आहे. 2014 चा नियम तेव्हाच प्रत्येक शाळेत पोचवला असता तर आज ही धावपळ नसती. पण अर्जात हा राग मांडून उपयोग नाही.

सगळ्यात जास्त फसगत पेपर निवडताना होते. अनेक जण पेपर 1 देतात आणि निर्धास्त होतात. तो पहिली ते पाचवीचा. पदवीधर पदासाठी पेपर 2 लागतो: 150 गुण, त्यात बालमानसशास्त्र व दोन भाषा प्रत्येकी 30, उरलेले 60 गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राचे. खुल्या प्रवर्गाला 90 गुण हवेत, नकारात्मक गुण नाहीत. गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्र, हे फॉर्म भरण्याआधी आपली पदवी आणि जिल्हा परिषदेतली रिक्त पदं पाहून ठरवा.

उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात करून घ्या आणि नोंदीच्या पानाची प्रत जवळ ठेवा. तात्पुरती ज्येष्ठता यादी लागली की तुमच्या नावापुढचा अर्हतेचा रकाना तपासा. तो कोरा असेल तर आक्षेपाच्या मुदतीतच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या निकालावरील पुनर्विचार याचिकेच्या भरवशावर परीक्षा सोडू नका. याचिका दाखल झाली म्हणजे निकालाला स्थगिती मिळाली असं होत नाही.