पोटाचा घेर कोणीच का मोजत नाही?

आज ऑफिसात हेल्थ चेकअप होतं. वजन झालं, उंची झाली, बीपी झालं, बोटाला सुई टोचून झाली. दहा मिनिटांत कागद हातात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, २२.३, नॉर्मल. मी विचारलं, "पोटाचा घेर नाही घेत?" समोरची मुलगी म्हणाली, "फॉर्मवर तो कॉलमच नाहीये मॅडम." तेव्हापासून डोकं फिरलंय. तिच्यावर राग नाही, ती बिचारी दिलेला फॉर्म भरत होती. ज्यांनी तो फॉर्म बनवला त्यांच्यावर आहे.

कारण अगदी असाच 'नॉर्मल' लिहिलेला कागद माझ्या दादाला दरवर्षी मिळायचा.

दादाची उंची १६८, वजन ६६. हातपाय काडीसारखे आणि पुढे पोट. पँटचा नंबर कॉलेजपासून ३४च, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! नंबर तोच राहिला, कारण पट्टा दरवर्षी थोडा थोडा खाली सरकत पोटाखाली गेला होता. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं. "जरा पोट सुटलंय, बाकी ठणठणीत आहे," हे मी स्वतः किती वेळा म्हटलं असेन.

मग दोन जिने चढले की त्याला दम लागायला लागला. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. हृदयाचा स्नायू आकुंचन पावत होता आणि त्याला चिकटून एक काळपट पट्टा त्याच्याबरोबर हलत होता. "ही चरबी." उजव्या कप्प्याच्या भिंतीवर दोन खुणा करून त्यांनी ती मोजली. ९ मिलिमीटर. दादा म्हणाला, "पण मी जाड कुठे आहे?" डॉक्टरांनी खणातून टेप काढली आणि पट्टा जिथे असायचा तिथे नाही, तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावली. "श्वास सोडा." ९५ सेंटिमीटर.

चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी वेगळी. आतड्यांभोवती साठते ती वेगळी, आणि तिचंच भावंड हृदयावर बसतं. पोटातली वाढली की बहुधा हीही वाढते. वजनापेक्षा पोटाच्या घेरावरून तिचा अंदाज जास्त चांगला येतो. हृदयाचा स्नायू आणि ही चरबी यांच्यामध्ये पडदासुद्धा नसतो, दोघांना रक्त एकाच ठिकाणाहून येतं. ती फुगली की दाह वाढवणारी द्रव्यं सोडते, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या तिच्यातूनच गेलेल्या असतात! हो, थोडी चरबी तिथे प्रत्येकाच्या असते आणि हृदयाला ती लागतेही. मान्य.

चीड कशाची येते सांगू? हे काही कालपरवा कळलेलं नाही. चरबी किती यापेक्षा कुठे आहे हे महत्त्वाचं, असं फ्रान्सच्या जाँ वाग या डॉक्टरांनी १९४७ साली मांडलं. २००४ मध्ये ५२ देशांतल्या लोकांवरचा इंटरहार्ट हा मोठा अभ्यास आला. हार्ट अटॅकचा धोका ओळखायला कंबर आणि नितंबांचं गुणोत्तर बीएमआयपेक्षा सरस ठरलं. आणि बीएमआयचं सूत्र? एकोणिसाव्या शतकात एका बेल्जियन गणितज्ञाने लोकसंख्येची सरासरी काढायला बनवलेलं! माझ्या दादाचं हृदय तपासायला नव्हे. एक टेप लागते हो. अर्धा मिनिट लागतो.

दादाच्या अँजिओग्राफीत दोन ब्लॉक निघाले, दोन स्टेंट पडले. त्या चरबीनेच ते झाले असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तो पूर्वी सिगारेट ओढायचा हेही खरं. पण त्या ९५ आकड्याकडे कोणी पाच वर्षं आधी पाहिलं असतं तर?

आता लिहिता लिहिता राग उतरलाय आणि नुसता दादाच डोळ्यांसमोर येतोय. घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस तो दार लावून पोटाचे व्यायाम करायचा. तेवढ्याने पोटच तेवढं उतरत नाही, हे त्याला डॉक्टरांनी पुन्हा बोलावून सांगितलं. मग चालायला लागला. आधी हळू, मग झपझप. शरीर उतरतं तशी हृदयावरचीही चरबी कमी होते, एवढ्या एका वाक्यावर तो आठ महिने रोज चाललाय. टेप आता ८८ वर आहे. परवा नवी पँट घातली, पट्टा बेंबीपाशी. वहिनी नुसती बघत राहिली.

मघाशी घरी आल्यावर मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, हा साधा हिशोब. माझी उंची १५७. टेपवर ८३.

दादाला फोन केला.

"श्वास आत ओढून मोजलंस की सोडून?"

"सोडून."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "उद्या सहाला खाली ये. बूट घालून ये."