मुक्तिदाता व्हा, घरबसल्या

रात्रीचे साडेनऊ झालेत. ताटं उचलली गेलीत, तोंडात बडीशेप आहे आणि टीव्हीवर कुठल्यातरी देशाचा नकाशा आलाय. त्यावर लाल बाण सरकतायत. तुम्ही सोफ्यावर मांडी घालून बसता आणि अगदी आतून म्हणता, "एकदा घुसून साफच करून टाकायला पाहिजे." वा! निम्मं काम इथेच झालं. परक्या जनतेचं भलं करायला जे मुख्य भांडवल लागतं, ते तुमच्याकडे आहे: त्या जनतेपासूनचं अंतर. उरलेलं मी शिकवतो. फी नाही. ठाण्यातली माणसं सल्ल्याचे पैसे घेत नाहीत, फक्त देतात. सल्ला.

आधी देश निवडा. जिथे तुमच्या ओळखीचं कुणी कधी राहिलेलं नाही, असाच घ्या. ओळखीचं माणूस निघालं की सगळा घोळ होतो. आमचंच बघा. मार्च २०११ मध्ये लिबियावर विमानं गेली, त्या आठवड्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर आम्ही गद्दाफीला जवळजवळ संपवत आणला होता. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे काका आले. काका बेनगाझीजवळ एका बांधकामावर फोरमन. फेब्रुवारीत सरकारने पाठवलेल्या 'स्कॉशिया प्रिन्स' जहाजातून अलेक्झांड्रियाला आणि तिथून विमानाने घरी आले होते. पेटी तिकडेच राहिली. आम्हाला वाटलं, आता काका आपल्या बाजूने दोन शिव्या घालतील. घातल्याही, दोन नाही, चांगल्या सात-आठ. मग कट्ट्यावर टेकत म्हणाले, "ते ठीक आहे. पण पाण्याचं काय करणारेत?"

पाण्याचं? कट्टा गप्प. काकांनी सांगितलं की तिकडे नळाला येणारं पाणी सहाराच्या पोटातून उपसतात आणि शेकडो किलोमीटरच्या पाइपांतून किनाऱ्यापर्यंत आणतात. तो पाइप, ते पंप, ते सांभाळणारी माणसं, सगळं सरकारी. "सरकार पाडलं की पंपावर कोण बसणार?" आम्ही विषय बदलला. जुलैत नाटोच्या विमानांनी ब्रेगाला ते पाइप बनवणारा कारखानाच फोडला. तिथे लष्करी सामान लपवलं होतं, असं नाटोचं म्हणणं. असेलही. काका त्या बातमीचं कात्रण घेऊन खाली आले होते. असल्या माणसांना कट्ट्यावर बसू देऊ नका.

देश ठरला की मोहिमेला नाव द्या. इथे घोडबंदर रोडवाल्यांचा हात कुणी धरू शकणार नाही. आपल्याकडे नावात तळं, बाग आणि नदी असते, गेटवर टँकर. तोच हिशेब. अमेरिकेने १९८९ मध्ये पनामावर चाल केली तिचं नाव 'जस्ट कॉज', म्हणजे न्याय्य कार्य. १९९२ ला सोमालियात 'रिस्टोअर होप'. अफगाणिस्तानात 'एंड्युरिंग फ्रीडम', इराकमध्ये 'इराकी फ्रीडम'. रशिया तर युक्रेनमधल्या प्रकाराला 'विशेष लष्करी मोहीम' म्हणतो. आपणही काही मागे नाही. श्रीलंकेत जाफन्यावर चढाई केली तिचं नाव 'पवन'. वाऱ्यासारखे गेलो, हे खरंच. येण्याचं नंतर बघू.

मग पझेशनची तारीख जाहीर करायची. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड म्हणाले होते की इराकचं युद्ध सहा दिवस चालेल, सहा आठवडे चालेल, सहा महिने मात्र वाटत नाही. १ मे २००३ ला, आपण इकडे महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत लोळत होतो तेव्हा, राष्ट्राध्यक्ष बुश विमानवाहू जहाजावर उतरले आणि मागे 'मिशन अकम्प्लिश्ड' असा फलक लागला. सैन्य निघालं डिसेंबर २०११ मध्ये. २०१४ ला परत आलं. बिल्डरने असं केलं असतं तर तुम्ही ग्राहक मंचात गेला असता. बगदादच्या माणसाला मंच कुठला?

जनतेचं मन जिंकायला खाऊ वाटा. हा धडा मन लावून वाचा, कारण कल्पना इतकी गोड दुसरी सापडणार नाही. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानवर बॉम्ब टाकायला घेतले आणि सोबत विमानांतून जेवणाची पाकिटंही टाकली. पाकिटं पिवळीधमक, लांबून दिसावीत म्हणून. आत पीनट बटर, जॅम, शिजवलेली कडधान्यं, आणि वर लिहिलेलं की ही अमेरिकी जनतेकडून भेट. त्याच आकाशातून क्लस्टर बॉम्बही पडत होते. एका बॉम्बच्या पोटात दोनशे छोटे, आणि त्यातले काही न फुटता तसेच जमिनीवर पडून राहायचे. त्यांचा रंग? पिवळा. मग रेडिओवरून लोकांना समजावून सांगावं लागलं की बाबांनो, पिवळं चौकोनी दिसलं तर जेवण, पिवळं डब्यासारखं गोल दिसलं तर हात लावू नका. पुढे पाकिटांचा रंग निळा करायचं ठरलं. ठरवणाऱ्यांच्या घरी बहुधा पोरं होती. पोरं रंग बघून धावतात, आकार जवळ गेल्यावर बघतात.

आता खरी परीक्षा: कारभार. हुकूमशहा पळाला, पुतळा पडला, तुम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं? जुन्या राजवटीची सगळी माणसं एका फटक्यात काढून टाकायची. मे २००३ मध्ये इराकचे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आल्या आल्या दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या सदस्यांना सरकारी नोकरीतून बाहेर, दुसऱ्याने अख्खं सैन्यच बरखास्त. पक्षात असल्याशिवाय तिथे बढती मिळत नसे, त्यामुळे शाळांतले हजारो शिक्षकही बाहेर पडले. लाखो जवान घरी बसले, पगाराविना, पण हत्यारं चालवण्याच्या प्रशिक्षणासह.

या धड्याचं प्रात्यक्षिक मी स्वतः पाहिलंय. आमच्या सोसायटीत आधीच्या कमिटीने बरेच उद्योग करून ठेवले होते. हिशेब नाही, निवडणूक नाही, चेअरमन तेरा वर्षं तोच. आम्हीच सह्या गोळा केल्या आणि वरून प्रशासक आणवला. पेढे वाटले, लिफ्टमध्ये एकमेकांना टाळ्या दिल्या. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात 'चेअरमनची माणसं' काढली. त्यात पंपवालाही गेला. गुन्हा काय, तर चेअरमनच्या गावचा. आता आमच्या गच्चीवर टाकीपाशी तीन व्हॉल्व्ह आहेत. पहाटे साडेचारला पालिकेचं पाणी येतं, ते खालच्या टाकीत भरलं की वर चढवायचं. मधला व्हॉल्व्ह अर्धाच फिरवायचा. पूर्ण फिरवला की सी विंग कोरडी, कमी फिरवला की ए विंगच्या गच्चीवरून धबधबा. ही विद्या कुठल्याही फायलीत नव्हती, त्या माणसाच्या मनगटात होती. अकरा दिवस टँकर चालू होते. बाराव्या दिवशी त्याला दीडपट पगारावर परत बोलावलं. तो आला, हसला नाही, बोलला नाही, सरळ गच्चीवर गेला.

आमचं नशीब की तो व्हॉल्व्हचा पाना घेऊन आला. इराकच्या बरखास्त सैन्यातले कितीतरी जण वेगळीच हत्यारं घेऊन परतले, आणि त्यातल्या काही अधिकाऱ्यांनी पुढे इसिसची लष्करी बाजू सांभाळली. त्या इसिसने २०१४ मध्ये मोसूलमध्ये पळवून नेऊन मारलेल्या मजुरांत आपले ३९ भारतीय होते. मारले गेल्याचं त्यांच्या घरच्यांना अधिकृतपणे कळायला मार्च २०१८ उजाडला. पण ते दुसऱ्या विषयाचं बातमीपत्र, त्याला बाण नव्हते.

प्रशासकाचं मानधन कुणी भरलं, असं विचारताय? आम्हीच. मेंटेनन्समधून. यात नवल वाटून घेऊ नका, आपल्या मातीतली जुनी रीत आहे. राघोबादादांनी पेशवेपदासाठी १७७५ च्या सुरतेच्या तहात इंग्रजांकडे अडीच हजार सैन्य मागितलं आणि बदल्यात साष्टी व वसई देऊ केली. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी तहाची वाट न बघता आधीच घेऊन टाकला होता. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. त्यांच्या चिरंजीवांनी, दुसऱ्या बाजीरावांनी, ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला सही केली: सहा हजारांची तैनाती फौज, आणि तिच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख. फौजेने बाजीरावांना पुण्यात गादीवर नेऊन बसवलं, शब्द पाळला. सोळा वर्षांत गादीच राहिली नाही. तैनाती फौज परत कधी जाणार, हे तहाच्या कुठल्या कलमात होतं ते शोधून बघा. जेलच्या भिंतीजवळून रिक्षाने जाताना मला दर वेळी हे आठवतं, आणि दर वेळी रिक्षावाला मीटरपेक्षा दहा रुपये जास्त मागतो.

मेलेल्यांची मोजदाद करू नका. "आम्ही प्रेतं मोजत नाही," असं अमेरिकेच्या जनरल टॉमी फ्रँक्स यांनी मोकळेपणाने सांगून ठेवलंय. काही हौशी मंडळी बातम्या आणि शवागारांच्या नोंदी जुळवून मोजत बसली. 'इराक बॉडी काउंट'ने हिंसेत मेलेल्या १ लाख ८० हजारांहून जास्त नागरिकांची नोंद केलीय, आणि ती फक्त सापडलेल्यांची. २९ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकेने काबूलमध्ये एका गाडीवर ड्रोनमधून क्षेपणास्त्र सोडलं. गाडीत स्फोटकं चढवली जातायत, असं दिसलं होतं. दहा माणसं गेली, त्यात सात मुलं. आधी हल्ला योग्यच होता असं सांगितलं गेलं, तीन आठवड्यांच्या आत चूक कबूल केली. गाडीत चढवले होते ते पाण्याचे कॅन. काकांना ही बातमी मी दाखवलीच नाही.

एखादा खडूस म्हणेल, "मग कुणी जायचंच नाही का? रवांडात १९९४ ला शंभर दिवसांत आठ लाख माणसं कापली गेली. तिथे संयुक्त राष्ट्रांची फौज हजर होती, ती वाढवायची सोडून कमी केली." याला उत्तर नाही. माझ्याकडे तर नाहीच. तो आणखी पुढे जाईल: व्हिएतनामने कंबोडियात घुसून १९७९ च्या जानेवारीत तिथल्या हुकूमशहाला, पोल पॉटला, हाकललं म्हणून तिथली उरलीसुरली माणसं वाचली. हेही खरं. व्हिएतनाम गेला स्वतःच्या सीमेच्या रागाने, राहिला दहा वर्षं, आणि संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची मात्र पोल पॉटच्याच बाजूकडे राहिली. भलं झालं ते असं, कुणाच्या मनात नसताना.

अशा वेळी १९७१ काढा, पण अर्धंच. एक कोटी निर्वासित, तेरा दिवसांचं युद्ध, ९३ हजार युद्धकैदी, इथपर्यंत छाती फुगवून सांगा. मार्च १९७२ च्या मध्यापर्यंत आपलं सैन्य ढाक्यातून निघूनही आलं होतं, हे सांगू नका. त्या भागाला टीआरपी नाही. आणि १९८७ तर अजिबात नको. आपली शांतिसेना जाफन्यात उतरली तेव्हा तमिळ माणसांनी हार घातले. तीन महिनेही झाले नाहीत तोवर त्यांच्याच गल्ल्यांत तमिळ वाघांशी लढाई जुंपली आणि ऐन दिवाळीत जाफन्याच्या इस्पितळात रुग्ण, डॉक्टर, नर्स मारले गेले. मार्च १९९० मध्ये परतलो तोवर आपलेही हजारावर जवान गेले होते. शेवटी शेवटी कोलंबोचं सरकार आणि वाघांचा म्होरक्या प्रभाकरन, दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: तुम्ही निघा.

लिबियाचं पुढे काय झालं, असं कुणी विचारलं तर सांगा की गद्दाफी ऑक्टोबर २०११ मध्येच मेला, विषय संपला. हल्ला योग्यच होता, पण 'दुसऱ्या दिवसाची' तयारी केली नाही ही बहुधा आपली सर्वात मोठी चूक, असं खुद्द ओबामा २०१६ मध्ये म्हणाले. गद्दाफीनंतर देशात दोन सरकारं, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. सप्टेंबर २०२३ च्या वादळात देर्ना शहराच्या डोक्यावरची दोन धरणं फुटली. वर्षानुवर्षं देखभाल झाली नव्हती. हजारो माणसं झोपेत समुद्रात वाहून गेली. काका त्या दिवशी कट्ट्यावर आले, बसले, आणि काहीच बोलले नाहीत. आम्हीच म्हटलं, "काका, चहा?"

असो. आज रात्री नवा नकाशा आलाय, नवे बाण आहेत, तज्ज्ञ मंडळी चार चौकटींत एकमेकांवर ओरडतायत. तुम्ही बघा निवांत. फक्त साडेदहापर्यंत आवरा. आमच्या प्रशासकांना मुदतवाढ मिळालीय, पंपवाला बहिणीच्या लग्नाला गावी गेलाय, आणि पहाटे साडेचारला पाणी येणार आहे. मधला व्हॉल्व्ह कुणीतरी अर्धाच फिरवायचाय.