अहो फलाट, हलू नका!

परवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने माझ्याकडे बोट दाखवलं आणि आईला म्हणाला, “आई, हे बघ, फलाट काका!” आई ओशाळेल असं वाटलं होतं, ती खो खो हसली. लिफ्टमधले बाकीचेही हसले. पार्किंगवरून ज्यांच्याशी माझं बोलणं बंद आहे, तेसुद्धा.

तर खुलासा. कन्या चौथीत आहे. शाळा घोडबंदर रोडला लागून. नाव सांगत नाही, अजून बरीच वर्षं फी भरायची आहे. यंदा शाळेने सगळे विषय नाट्यातून शिकवायला घेतलेत. पालकसभेत पडद्यावर ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020’ झळकलं, त्याखाली कलेतून अध्ययन, अनुभवातून अध्ययन, आणि सगळ्यात तळाला, गृहकर्जाच्या कागदावरच्या बारीक अक्षरांसारखा, ‘पालकांचा सहभाग’.

विषय निवडला होता 16 एप्रिल 1853. बोरीबंदर ते ठाणे, देशातली पहिली प्रवासी गाडी. 34 किलोमीटर, 14 डबे, 400 पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, सुटताना 21 तोफांची सलामी. ठाण्यातल्या शाळेने हे नाही करायचं तर कोणी करायचं? इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार भूमिका वाटपाची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळी यादी पडली तेव्हा मी कुर्ल्याच्या पुढे एका पायावर उभा होतो आणि दुसरा पाय कोणाचा होता ते कळत नव्हतं. घरी येईपर्यंत पालक संघाच्या सेक्रेटरीचे यजमान जगन्नाथ शंकरशेट झालेले. त्यांच्या पगडीचा फोटोही आलेला, जांभळी नाक्याजवळून भाड्याने आणलेल्या. दोघे जण तोफा झाले. एक जण बँड. मला उरलं ठाणे स्टेशन. “स्टेशन म्हणजे स्टेशनमास्तर का?” असं मी विचारलं. उत्तर आलं, “नाही सर, फलाट. फक्त उभं राहायचंय 😊”

आठवडाभर ज्याच्यावर चेंगरत उभा राहतो, सुट्टीच्या शनिवारी तेच व्हायचं. गळ्यात पिवळा पुठ्ठा, त्यावर काळ्या अक्षरांत ‘ठाणे’.

सुरुवात चांगली झाली, हे कबूल करायला हवं. वर्गशिक्षिका डोक्यावर हॅट घालून रेल्वे कंपनीच्या साहेब झाल्या होत्या आणि मोठ्या काळजीत होत्या. “मंडळी, डबे 14, पाहुणे 400. सगळ्या डब्यांत सारखे बसवायचेत. मला हिशेब जमत नाहीये. करता का मदत?” पोरं जमिनीवर खडू घेऊन बसली. प्रत्येक डब्यात 28, झाले 392. बाकी 8.

“हे आठ जण कुठे बसवू?” साहेबांनी विचारलं.

एक क्षण शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “दारात लटकतील.”

सगळा वर्ग हसला. एक मुलगी मात्र गंभीरपणे म्हणाली, “पण मॅडम, सगळेच ठाण्याला उतरणारेत. मग सगळेच दाराशी येणार.” बाकी म्हणजे काय, हे त्या वर्गाला जन्मभर सांगावं लागणार नाही.

पण तो मागच्या बाकावरचा आवाज. तो एका आजोबांचा होता. पांढरा शर्ट, खिशात डायरी आणि दोन पेनं. नातू गार्ड झाला होता. सुनेला सुट्टी मिळाली नाही म्हणून हे आले होते. मध्य रेल्वेचे निवृत्त मोटरमन. त्यांना कोणीही कुठलीही भूमिका दिलेली नव्हती. मला वाटतं, सगळं तिथेच बिघडलं.

तोफा वाजल्या (दोन बाबा, ‘धडाम’). टीव्हीच्या खोक्यातला साहिब ‘छुक छुक’ करत निघाला. मागे सिंध, मागे सुलतान, मागे ओढण्यांचे डबे.

“थांबा!”

गाडी थांबली. आजोबा उठून उभे.

“सिग्नल कुठाय?”

“आजोबा,” शिक्षिका गोड आवाजात म्हणाल्या, “आपण कल्पना करायची, सिग्नल हिरवा आहे.”

“कल्पनेवर गाडी हाणली की चौकशी बसते, बाई.”

मग एका प्रवाशाला डब्यातून उतरवून सिग्नल केलं. एका हातात लाल कागद, एका हातात हिरवा. साहिब परत निघाला.

“थांबा! गार्डाने बेल दिली?”

नातू रडकुंडीला आला. “आजोबा, माझ्याकडे झेंडा आहे.”

“झेंडा असेल. बेल दिलीस का? दोन बेल म्हणजे निघा. एक बेल म्हणजे थांबा. रोज रात्री सांगतो ना तुला?”

त्यावर शंकरशेटांनी पगडी सावरत मधे तोंड घातलं. “काका, आता गार्ड म्हणत नाहीत. 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात.”

आजोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पगडी आपोआप वाकडी झाली. “पाटी बदलली म्हणून काम बदलतं का?”

शिक्षिकांनी शेवटचा प्रयत्न केला. “आजोबा, 1853 मध्ये ही बेल नव्हती.”

“मग गाडी सुटली कशी?”

“तोफा सोडल्या.”

“तोफ हा काय सिग्नल झाला?” आजोबांनी डायरी काढून काहीतरी लिहिलं. माणूस एकशे सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीवर शेरा मारत होता.

शेवटी कंपासपेटी बाकावर आपटून बेल ठरली. टक टक. गाडी निघाली. पण आता पोरांना नियम कळला होता, एक टक म्हणजे थांबा. त्यामुळे कोणाचं कोपर बाकाला लागलं तरी गाडी थांबायची. भायखळ्याला थांबली, शीवला थांबली, मधे कुठलंही स्टेशन नसताना थांबली. आजोबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. मध्य रेल्वे वाटायला लागली होती.

या वेळात मी काय करत होतो? उभा होतो. आजोबांचं लक्ष माझ्याकडे वळलं. हात मागे बांधून ते हळूहळू आले, मला खालून वर पाहिलं.

“फलाट का?”

“हो.”

“फलाटाने बोलायचं नसतं.”

मी गप्प बसलो. त्यांनी खोक्याची उंची पाहिली, माझे पाय पाहिले, मान हलवली. “उंची कमी आहे. गाडी आणि फलाट यांत अशी फट राहिली तर माणूस खाली जातो.” आता यावर हसणार कसं? आपल्या लाइनीवर त्या फटीत माणसं गेली आहेत, कोर्टाने झापल्यावर मग फलाट उचलले गेले, 900 मिलिमीटरच्या आसपास नेले. आजोबा थट्टा करत नव्हते. तेवढ्यात बालवाडीतलं एक स्टूल आलं, लाल रंगाचं, त्यावर बदक. मला त्याच्यावर चढवलं. ते स्टूल चार वर्षांच्या मुलाला पेलण्यासाठी केलेलं असतं, मी नव्वद किलोच्या घरात आहे.

“अहो फलाट, हलू नका!”

“मी हलत नाहीये, स्टूल हलतंय.”

“बोलू नका म्हटलं ना. बाई, फलाट असुरक्षित आहे. मी गाडी घेऊ शकत नाही.”

गाडी घ्यायला यांना सांगितलं कोणी होतं? हे मी मनात म्हणालो. फलाट होतो ना.

इकडे भांडुपला वेगळंच घडलं. सिग्नल झालेल्या पोराचे हात भरून आले, त्याने हिरवा खाली घेतला आणि लाल वर केला. साहिब आपल्या तंद्रीत पुढे गेला.

“स्पॅड!” आजोबा ओरडले. हॉल दणाणला. “स्पॅड झालं! लाल सिग्नल ओलांडला! आमच्या खात्यात याहून मोठं पाप नाही. इंजिन जागच्या जागी बंद, ड्रायव्हर खाली!”

साहिबला खोक्यातून खाली उतरवण्यात आलं. वय वर्षं नऊ. तो भोकाड पसरून रडायला लागला. सुलतानने मागून हळूच विचारलं, “मग आता मी पुढे येऊ का?” मोठेपणी ते पोर कुठे पोचेल, ते मला तिथेच दिसलं.

चौकशी होईपर्यंत मुलांना गुंतवायचं म्हणून शिक्षिकांनी ‘हॉट सीट’ काढली. एक जण भूमिकेत बसतो, बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. बसायचं कोणी? शंकरशेटांना उत्तरं येणार होती, पण ते बाहेर सेल्फी काढत होते. म्हणून फलाट.

एका मुलाने विचारलं, “तुमच्यावर लोक थुंकतात तेव्हा तुम्हाला काय वाटतं?”

दुसरी, “इंडिकेटर खोटं सांगतो, तर शिव्या तुम्हाला बसतात का?”

तिसरा जरा विचार करून, “कल्याणला पण अशी गाडी येते का?” मी म्हटलं, अजून नाही, 1854 मध्ये येईल. कल्याणहून बदली होऊन आलेल्या एका बाबांचा चेहरा पडला.

इंडिकेटरचा प्रश्न मात्र मला लागला. मी बोलत गेलो. धीम्या गाडीची घोषणा एका फलाटावर आणि गाडी दुसऱ्यावर, सकाळचा पूल, सरकता जिना, पंख्याखालची जागा, पासाच्या रांगा. पोरं तन्मयतेने ऐकत होती, एका मुलीने ते वहीत उतरवून घेतलं. शिक्षिका तीनदा ‘थँक यू फलाट काका’ म्हणाल्या, मग त्यांनी माझ्या गळ्यातला पुठ्ठा काढूनच घेतला.

आता जरा गंभीर. ठाण्यात वाढलेल्या आमच्या पिढीला नाटकाचं वावडं नाही. गडकरी रंगायतन 1978 मध्ये उभं राहिलं, सुट्टीत तिथे बालनाट्याला जायचं आणि राक्षस आला की खुर्चीखाली जायचं. मराठीत बालनाट्याची वाट सुधा करमरकरांनी 1959 मध्ये पाडली, मागोमाग रत्नाकर मतकरी आले. पण ते नाटक मुलांनी बघायचं. वर्गातलं नाटक बघायला कोणी लागतच नाही. इंग्लंडात डोरोथी हीथकोट नावाच्या बाईंनी हेच आयुष्यभर सांगितलं. शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरायचं, अडचणीत पडायचं, आणि मुलांना तज्ज्ञ समजून त्यांची मदत मागायची. त्याला टाळ्या लागत नाहीत, पगडीही लागत नाही. ते 8 प्रवासी कुठे बसवू, एवढं पुरतं. खडू हातात घेऊन सगळा वर्ग जमिनीवर वाकला होता, तेवढीच दहा मिनिटं शाळा चालली.

बाकी सगळं फोटोसाठी होतं. शिक्षिकांनीच मला नंतर हळू आवाजात सांगितलं की फोटो अपलोड नाही झाले तर उपक्रम झालाच नाही असं धरतात. चाळीस मुलं, त्यात अभ्यासक्रम, त्यात अपलोड. हॅट त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली होती. आणि आमची कन्या, म्हणजे चारशेंपैकी एक प्रवासी, अख्ख्या वेळात एका ओढणीचं टोक धरून उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही. पगडीचं डिपॉझिट मात्र सगळ्या पालकांनी वाटून भरलं. फलाटानेही.

घंटा झाली. हॉल पाचवीला हवा होता, त्यांची पचनसंस्था बाहेर तिष्ठत होती, लहान आतडं तर अस्वस्थच झालं होतं. देशातली पहिली गाडी भांडुपलाच राहिली.

प्रकरण मिटलं असं वाटलं होतं, तर घटक चाचणी आली. प्रश्न: भारतातील पहिली प्रवासी रेल्वे कोठून कोठपर्यंत धावली? कन्येचं उत्तर: बोरीबंदर ते भांडुप. पुढे सिग्नल मिळाला नाही.

शून्य गुण. लाल फुली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही ठाण्याला होतात ना? खरं सांगा, आली का गाडी?”

नव्हती आली. मी काय सांगणार? अख्ख्या वर्गात ठाण्यात उभा असलेला एकमेव साक्षीदार मी. उत्तर चुकीचं आहे, मलाही कळतं. पण अनुभवातून शिका म्हणून शनिवार खाता, आणि पोरीने अनुभव लिहिला की पुस्तक उघडून दाखवता, हा कुठला न्याय? मी शाळेत गेलो. उत्तर पुस्तकाप्रमाणे हवं, असं सांगण्यात आलं. पुस्तकात स्टूल आहे का, असं मी विचारलं. ते संभाषण तिथेच संपलं.

खाली गेटवर आजोबा भेटले, नातवाला न्यायला आलेले. त्याचाही गुण गेला होता. त्याने ‘भांडुप यार्ड’ लिहिलं होतं. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी खिशातली डायरी काढली. त्या दिवसाची नोंद तयार होती: गाडी सुटण्याची वेळ, विलंबाचं कारण, जबाबदार कर्मचारी (साहिब), आणि खाली ‘फलाटाची स्थिती असमाधानकारक’. याची प्रत मुख्याध्यापकांना रीतसर देऊ, म्हणाले. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

शेवटची ओळ खोडायला मात्र ते अजून तयार नाहीत, म्हणून सही अडली आहे.