तीन अवस्था, पण एकदम नव्हे

समाज धार्मिक (सगळं देवाच्या इच्छेने घडतं), तत्त्वमीमांसक (सगळं अमूर्त तत्त्वांमुळे घडतं) आणि प्रत्यक्षार्थी (निरीक्षणातून नियम शोधायचे) अशा तीन पायऱ्या एकामागून एक चढतो, असं फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँतचं मत एका लेखात दिलंय. त्यातली अर्धी गोष्ट निसटली. त्याच्या मते प्रत्येक शास्त्र आपापल्या गतीने तिसऱ्या अवस्थेला पोचतं. विषय जितका साधा आणि व्यापक, तितकं लवकर. म्हणून क्रम गणित, खगोल, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, शेवटी समाजशास्त्र. एकाच काळात खगोल तिसरीत आणि राजकारण पहिलीत, हे त्यात आरामात बसतं.

काँतला नडला तो भलताच हट्ट. ताऱ्यांची रासायनिक घडण कधीच कळणार नाही, असं त्याने १८३५ मध्ये छापलं. १८५७ मध्ये तो वारला आणि १८५९ मध्येच जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्खहॉफने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या (प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातल्या) काळ्या रेषांवरून सूर्यातलं सोडियम ओळखलं!