९० पर्सेंटाइल आणि रिकामा वर्ग

गेल्या वर्षी सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला त्या संध्याकाळी माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील पेढे घेऊन घरी आले. "मॅडम, पोरीला नव्वद पडले. पुण्याचं सीओईपी मिळंल का ओ? कॉम्प्युटर पायजे म्हणती."

पेढा हातात घेतला आणि काय बोलावं ते सुचेना. त्यांच्या लेखी नव्वद म्हणजे शंभरातले नव्वद. पर्सेंटाइल तसा नसतो. परीक्षेला ३ लाख मुलं बसली असं धरलं, तर ९० पर्सेंटाइल म्हणजे तिच्या पुढे ३० हजार मुलं. सीओईपी म्हणजे पुण्याचं नामांकित इंजिनिअरिंग कॉलेज; तिथे कॉम्प्युटरचा खुल्या गटाचा कटऑफ ९९ च्या वर असतो, आणि तिथे निवाडा दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर होतो. सीईटीच्या गुणपत्रिकेवर असे सात आकडे छापलेले असतात. हे सगळं त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पण बारावीला तर ती कॉलेजात पहिली आली ना?"

आली होती. फिजिक्सच्या थिअरीत ७० पैकी ६३. हे गुण सोपे नाहीत, २४ वर्षं पेपर तपासतेय म्हणून सांगते. डेरिव्हेशन एकही पायरी न गाळता लिहायची. पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशात त्या ६३ ला काडीची किंमत नाही. खुल्या गटासाठी बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ४५ टक्के, राखीव गटासाठी ४० टक्के, एवढं झालं की बारावीचं काम संपलं. सीईटीतून प्रवेश घेताना ४६ टक्केवाला आणि ९४ टक्केवाली एकाच रांगेत उभे राहतात, आणि रांग लागते फक्त सीईटीच्या आकड्यावर.

ती परीक्षाही कशी असते ते पाहा. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद. ऋण गुण नाहीत, म्हणजे येत नसेल तर काहीतरी टिचकवून पुढे जायचं. हे तंत्र आहे, ते शिकता येतं, आणि त्यासाठी संगणकावर भरपूर सराव परीक्षा द्याव्या लागतात. आमच्या तालुक्यात ती सोय आजही नीट नाही. या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा संगणकावर पेपर दिला तो थेट सीईटीचा.

दुसऱ्या बाजूचंही सांगते. त्याच बॅचमधल्या एका मुलाला ९८ च्या वर पर्सेंटाइल आले. आमच्या पटावर त्याचं नाव दोन वर्षं होतं, पण तो राहायला आणि शिकायला लातूरला होता. याला इंटिग्रेटेड म्हणतात. प्रवेश इकडे, क्लास तिकडे, फी लाख-दीड लाखाच्या घरात. फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेला आला तेव्हा तो आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाऊल टाकत होता. त्याला मीटर ब्रिज आला, ताणलेल्या तारेवरून रोध मोजायचा प्रयोग. मुलगा हुशार आहे, सूत्र त्याने क्षणात लिहिलं. मग जॉकी, म्हणजे तारेला टेकवायची धातूची पट्टी, तारेवर घासत नेऊ लागला. मी धावत जाऊन हात धरला. जॉकी घासायचा नसतो रे, टेकवायचा, काटा बघायचा, उचलायचा, पुढे टेकवायचा. नाहीतर तार खराब होते आणि पुढच्या पोरांची रीडिंग चुकतात. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो आज चांगल्या कॉलेजात आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. इंजिनिअर होणाऱ्या मुलाला दोन वर्षांत एकदाही तारेला हात न लावता पुढे जाऊ देणाऱ्या पद्धतीबद्दल आहे.

सीईटी बंद करा, असं मी म्हणत नाही. तामिळनाडूने २००७ पासून इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षाच काढून टाकली. गणिताचे १००, फिजिक्सचे ५०, केमिस्ट्रीचे ५०, असे बारावीच्या गुणांवर २०० पैकी कटऑफ काढतात. आपल्याकडे ते मला झेपणारं वाटत नाही. कारण आपली बारावी तेवढी स्वच्छ नाही. काही केंद्रांवर खिडक्यांतून काय चालतं ते तुम्ही बातम्यांत पाहता, मी पर्यवेक्षक म्हणून डोळ्यांनी पाहिलंय. आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण? ते आम्ही शिक्षकांनीच मातीमोल केले. २८, २९, ३०, याच्या खाली कुणाला देतच नाही. मीही दिलेत. जॉकी घासणाऱ्या त्या मुलालाही मी २८ च दिले.

अमेरिकेतल्या एमआयटीने (पुण्यातल्या नव्हे) कोविडमध्ये सॅटच्या (तिथल्या प्रवेश परीक्षेच्या) गुणांची अट काढली होती, ती २०२२ मध्ये परत आणली. ज्यांच्या शाळेत वरच्या दर्जाचं गणित शिकवलंच जात नाही, अशा मुलांची कुवत ओळखायला हे गुण उपयोगी पडतात, हे त्यांच्या कारणांपैकी एक होतं. मला ते पटतं. बाहेरची एक परीक्षा हवीच. पण तिथे त्या गुणांच्या जोडीला शाळेतले मार्क, शिक्षकांची पत्रं, मुलाने केलेलं काम, सगळं वाचतात. आपण सीईटीचा एकच आकडा वाचतो. आणि तो आकडा तरी बिनचूक असतो का? २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते, ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली.

माझं म्हणणं साधं आहे. अर्धा भार सीईटीला, अर्धा बारावीच्या थिअरीला. प्रात्यक्षिकाचे गुण धरू नका. माझी निम्मी नोकरी प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे हे लिहिताना जड जातंय, पण आज तरी ते गुण विश्वासाचे नाहीत. सीबीएसई आणि आपल्या बोर्डाचे गुण थेट जोडायचे नाहीत, ज्या त्या बोर्डातला पर्सेंटाइल काढून जोडायचे. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या (देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या) क्रमवारीत बारावीला ४० टक्के भार होता, तो असाच काढत होते. शेजारच्या कर्नाटकात केसीईटी (तिथली सीईटी) निम्मी आणि पीयूसीचे (तिथल्या बारावीचे) पीसीएमचे गुण निम्मे धरूनच इंजिनिअरिंगची रँक लागते. आपल्याकडेही २०२२ मध्ये तेव्हाच्या उच्च व तंत्रशिक्षणमंत्र्यांनी २०२३-२४ पासून ५०-५० करणार असं जाहीर केलं होतं. आम्ही स्टाफरूममध्ये टाळ्या वाजवल्या. पुढे काही झालं नाही.

आणि हे आपण करून पाहिलेलं आहे, हेच लोक विसरलेत. २०१४ आणि २०१५ ला महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचे प्रवेश निम्मे जेईई मेन आणि निम्मे बारावी असे झाले. जेईईचा पेपर आपल्या मुलांना जड गेला, बोर्डाचा अभ्यासक्रम वेगळा पडला, ओरड झाली, आणि ती ओरड खरी होती. २०१६ पासून परत सीईटी आली. पण जेईईबरोबर बारावीचा भारही गेला, तो जायची काही गरज नव्हती. त्या दोन वर्षांत माझा सकाळचा तास भरलेला असायचा. पोरं मागे उभी राहायची, जर्नल वेळेवर यायचं, 'मॅडम, हे पुन्हा सांगा' म्हणून अडवायची. आता पटावर ११८ आहेत आणि वर्गात ९ किंवा १० असतात. ते ९-१० कोण? ज्यांच्या घरी लातूरची फी भरायला पैसे नाहीत ते. म्हणजे जे रोज कॉलेजात येतात, त्यांच्याच मेहनतीचा हिशेब कुठे धरला जात नाही.

"वर्ग भरलेला असायचा" ही झाली माझी आठवण. मंत्रालयात आठवणींवर कुणी ऐकून घेणार नाही. माझ्याकडे २०१३ ते २०१७ ची बारावी सायन्सची हजेरीपत्रकं आहेत, एका कपाटात सापडली, उधईने दोन खाल्लीत, बाकीची शाबूत आहेत. ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकमित्रांनो, तुमच्याकडेही त्या वर्षांची असतील तर महिनावार सरासरी उपस्थिती तेवढी मला इनबॉक्समध्ये पाठवा. मुलांची नावं नकोत, कॉलेजचंही नको, फक्त तालुका आणि आकडे. दिवाळीच्या सुट्टीत एकत्र तक्ता करून विभागाकडे निवेदन द्यायचं ठरवलंय.