काकांनी पाठवलेला काँगो

काका आमच्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी काही ना काही ढकलतात आणि मी ते न वाचता पुढे जाते. पण परवा भाचीचा फोन आला. आठवीत आहे. "मावशी, वक्तृत्व स्पर्धेत मी एका विस्मृतीत गेलेल्या महान राजावर बोलणार आहे." हा महान राजा म्हणजे बेल्जियमचा दुसरा लिओपोल्ड, १८८५ ते १९०८ या काळात आफ्रिकेतला काँगो ज्याची खाजगी जहागीर होता तो! भाषण जसंच्या तसं काकाआजोबांच्या फॉरवर्डमधून उचललेलं. मग मात्र तो मजकूर शेवटपर्यंत वाचला आणि डोकं फिरलं.

मजकुराचं म्हणणं असं: काँगो नदी स्टॅन्ली या प्रवासी-संशोधकाने एकट्याने शोधली. लिओपोल्डने तिथल्या सरदारांशी रीतसर करार करून, एकही गोळी न झाडता तो प्रदेश मिळवला. गुलामांचा व्यापार त्याने बंद पाडला. आणि लोकांचे हात तोडल्याच्या गोष्टी म्हणजे जळक्या इंग्रजांनी रचलेलं कुभांड.

नदीचं आधी उरकते. पोर्तुगीज खलाशी दिओगो काओ १४८० च्या दशकात तिच्या मुखाशी पोहोचला, तेव्हा तिथे कोंगोचं राज्य चांगलं नांदत होतं. स्टॅन्ली १८७४ ते १८७७ मध्ये खंड ओलांडून गेला, हे खरं. मध्य आफ्रिकेतली लुआलाबा नदी नाईलला मिळत नाही, तीच पुढे काँगो होते, हे त्याच्या प्रवासाने पक्कं झालं, तेवढं श्रेय त्याचं. पण 'एकट्याने'? बरोबर शेकडो हमाल आणि बंदूकधारी होते, काही टप्पा टिप्पू टिप या झांझिबारच्या व्यापाऱ्याची माणसंही होती. सोबतचे तिघे गोरे वाटेत मेले, म्हणून गोऱ्यांच्या हिशेबात तो एकटा.

'रीतसर करार' वाचून हसू आलं. १ एप्रिल १८८४ चा एक करार बघा. न्गोम्बी आणि माफेलाच्या सरदारांना दरमहा कापडाचा एकेक तुकडा. बदल्यात जमिनीवरचे सगळे हक्क कायमचे गेले, वर मजूर पुरवण्याची बोली. घाई एवढी का? कारण फ्रान्सच्या वतीने ब्राझा नावाच्या संशोधकाने १८८० मध्येच तेके राजा माकोकोकडून करार मिळवला होता आणि नदीच्या उत्तर तीरावर सार्जंट मालामीनला मूठभर माणसांनिशी बसवलं होतं. १८८१ मध्ये स्टॅन्ली लिओपोल्डचा नोकर म्हणून तिथे पोहोचला तर समोर फ्रेंच झेंडा! किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन वेगळ्या देशांच्या राजधान्या आज नदीच्या दोन काठांवर एकमेकींकडे बघत उभ्या आहेत, त्या याच शर्यतीमुळे. पुढे १८८४-८५ मध्ये आफ्रिकेवरच्या हक्कांबद्दल बर्लिनला युरोपीय सत्तांची परिषद भरली, तिथे एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. (बर्लिनला पट्टी घेऊन अख्खा खंड कापला, असं दुसऱ्या बाजूचे लोक सांगतात. तेही खरं नाही, बहुतेक सीमा नंतर ठरल्या.)

गुलामांच्या व्यापाराबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. १८९२ ते १८९४ मध्ये लिओपोल्डच्या फौजेने अरब-स्वाहिली व्यापाऱ्यांना युद्धात मोडून काढलं. पण त्याआधी, १८८७ मध्ये, त्याच व्यापाऱ्यांतल्या सगळ्यात बड्या टिप्पू टिपला पूर्व काँगोतल्या स्टॅन्ली फॉल्सचा गव्हर्नर कोणी नेमलं? लिओपोल्डनेच. काकांच्या मजकुरात हे ओळीलाही नाही.

आता हातांचं. इथे मात्र माझा संयम सुटतो, कारण हे वाक्य एका तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी जाणार होतं.

सायकल आणि मोटारीच्या टायरांमुळे रबराला भाव आला. काँगोच्या जंगलात रबर वेलींतून मिळायचं. प्रत्येक गावाला ठरावीक रबर आणून द्यायची सक्ती झाली. पुरुष जंगलातून रबर घेऊन येईपर्यंत बायका ओलीस. गावाने नकार दिला की राजाचे शिपाई गावावर तुटून पडायचे. त्यांनी काडतुसं शिकारीत उडवू नयेत म्हणून खर्च झालेल्या काडतुसामागे मेलेल्या माणसाचा कापलेला उजवा हात दाखवायचा. मग काडतूस वाया गेलेला शिपाई हिशेब जुळवायला जिवंत माणसाचाही हात कापायचा.

हे इंग्रजांचं कुभांड? इंग्रज काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. लिओपोल्डच्या मक्तेदारीने लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचं पोट दुखत होतं, हेही खरं. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ मध्ये आला, त्याला काकांचा मजकूर 'हेरगिरी' म्हणतो. या केसमेंटला इंग्रजांनीच १९१६ मध्ये आयर्लंडच्या बंडापायी फासावर चढवलं, तेव्हा तो त्यांचा किती लाडका होता ते कळतंच. बरं, केसमेंटला बाजूला ठेवू. आरोप खोडायला लिओपोल्डने स्वतः चौकशी समिती नेमली. एक बेल्जियन, एक इटालियन, एक स्विस. इंग्रज एकही नाही. तिचा अहवाल १९०५ मध्ये निघाला. समितीने गोऱ्या अधिकाऱ्यांना हातांच्या बाबतीत सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला, पण वेठबिगारी, ओलीस ठेवलेल्या बायका, गावांवरच्या स्वाऱ्या हे सगळं तिने मान्य केलं, आणि हात कापले जात होते हेही नाकारलं नाही. राजाने नेमलेली माणसं हे लिहून देतात, मग अजून कोणता पुरावा हवा? १९०८ मध्ये काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करायची वेळ आली, तेव्हा ब्रसेल्समध्ये आठवडाभर भट्टीत कागद जळत होते. आणि २०२० मध्ये बेल्जियमचा राजा फिलिप याने त्या काळातल्या क्रौर्याबद्दल काँगोच्या राष्ट्राध्यक्षांना लेखी खेद कळवला. तोही इंग्रजांना सामील का?

काका, राग मानू नका, पण तुम्ही राहता नाशिकच्या शरणपूर रोडला. त्याच शरणपुरात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं मिशनच्या शाळेत शिकत होती. त्यांतला जेकब वेनराइट १८७२ मध्ये आफ्रिकेत नाईलचा उगम शोधणाऱ्या लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरीकडे गेला. लुआलाबा नाईलचीच असेल ही आशा मनात धरून लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये वारला, तेव्हा झाडावर त्याचं नाव कोरणारा वेनराइट. लिव्हिंगस्टनचे आफ्रिकी सोबती चुमा, सुसी आणि बाकीच्यांबरोबर ते शव महिनोन् महिने चालून समुद्रापर्यंत आणणाराही तोच. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये शवपेटीला खांदा द्यायलाही तो होता.

भाचीने विषय बदललाय, आता ती वेनराइटवर बोलणार आहे. आता तिची अडचण एवढीच, की पाच मिनिटांत नाशिक ते लंडन बसवायचं कसं.