कॉन्स्टॅन्टिनोपल पडलं तेव्हा फ्लॉरेन्सचा घुमट उभा होता

“१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकलं, ग्रीक पंडित पोथ्या घेऊन इटलीला पळाले आणि अंधारात बुडालेल्या युरोपात प्रबोधन सुरू झालं. तुर्कांनी व्यापाराची वाट बंद केली, म्हणून भारताचा जलमार्ग शोधावा लागला.” शाळेपासून स्पर्धा परीक्षेच्या नोट्सपर्यंत आपण हेच पाठ केलं आणि आता ते मोबाइलवर फिरतंय. एका दमात सांगता येतं म्हणून ते टिकलं असावं. खरं मात्र त्यात फार थोडं आहे.

आधी सनावळी बघा. पादुआच्या चॅपेलमध्ये जोत्तोने भिंतींवर हाडामांसाची, शोकाने कळवळणारी माणसं रंगवली ती १३०५ च्या सुमारास. चित्रकार मसाच्चो १४२८ मध्ये वारलासुद्धा. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरचा वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ मध्ये पुरा झाला. शिल्पकार गिबेर्ती सत्तावीस वर्षं खपला ती तिथल्याच बाप्तिस्मागृहाची सोनेरी दारं १४५२ मध्ये तयार झाली. शहर पडलं त्यानंतर, २९ मे १४५३ ला. शतकभर आधी सुरू झालेल्या गोष्टीचं कारण ते कसं असेल?

आता व्यापाराची वाट. व्हेनिसने १४५४ मध्येच सुलतानाशी तह केला आणि व्यापार चालू राहिला. मलबारची मिरी मुख्यतः अलेक्झांड्रियामार्गे जायची. ते बंदर इजिप्तच्या मामलुक सुलतानांचं होतं; तुर्कांनी इजिप्त घेतला १५१७ मध्ये. तोवर वास्को द गामा कालिकतला येऊन गेला होता, गोवाही पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. जलमार्ग शोधला तो लिस्बनला व्हेनिसच्या हातातला नफा हवा होता म्हणून.

‘अंधारा’बद्दल थोडक्यात: टॉलेमीचा खगोलग्रंथ टोलेडोत अरबीतून लॅटिनमध्ये आला ११७५ मध्ये, आणि आपले भारतीय अंक शिकवणारं फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं.

ग्रीक पंडितांचा मुद्दा जास्त मोलाचा आहे. इटालियन कवी पेत्रार्काकडे होमरची ग्रीक पोथी होती, पण ग्रीक येत नव्हतं. होमर माझ्यापुढे मुका आहे, किंबहुना मीच त्याच्यापुढे बहिरा आहे, असं तो पत्रात लिहितो; पोथी छातीशी धरतो, उसासे टाकतो. ही तहान १३५४ ची आहे. ती पुढच्या पिढीत इतकी वाढली की फ्लॉरेन्सचा चान्सलर सालुताती याने कॉन्स्टॅन्टिनोपलहून क्रिसोलोरास या पंडिताला पगार ठरवून बोलावून घेतलं. १३९७ मध्ये तो आला, आणि लिओनार्दो ब्रुनीसारखा तरुण कायद्याचा अभ्यास सोडून त्याच्यापुढे ग्रीक मुळाक्षरं गिरवायला बसला. १४२३ मध्ये आउरिस्पा हा सिसिलीचा माणूस तिकडून २३८ ग्रीक हस्तलिखितं विकत घेऊन व्हेनिसला उतरला. यातलं कुणीही पळून आलेलं नव्हतं. शिवाय निम्मा ठेवा लॅटिनच होता, त्याचा तुर्कांशी काय संबंध? सिसेरोची पत्रं १३४५ मध्ये व्हेरोनात सापडली, लुक्रेशियसचं काव्य १४१७ मध्ये एका जर्मन मठात.

मग इटलीच का? माझ्या मते पैसा आणि चुरस. फ्लॉरेन्सच्या कापड व्यापाऱ्यांच्या संघाने १४०१ मध्ये बाप्तिस्मागृहाच्या आधीच्या एका दारजोडीसाठी स्पर्धा ठेवली. गिबेर्ती जिंकला. हरलेल्या ब्रुनेलेस्कीने पुढे कॅथेड्रलचा घुमट बांधला आणि त्या बांधकामाची जबाबदारी लोकर-व्यापाऱ्यांच्या संघाकडे होती. शेजारच्या शहरापेक्षा आपलं शहर देखणं दिसावं, यासाठी व्यापारी खिसा रिकामा करत होते. पेत्रार्का आणि सालुतातीची तहान या पैशाला येऊन मिळाली.

१४५३ नंतर काहीच आलं नाही, असं मी म्हणत नाही. आर्गिरोपुलोस या ग्रीक पंडिताने फ्लॉरेन्समध्ये अ‍ॅरिस्टॉटल शिकवला. आधीच इटलीत स्थायिक झालेल्या ग्रीक कार्डिनल बेसारियनने तर, शहर पडल्यावर ग्रीक विद्या कायमची बुडेल या धास्तीने, मिळेल ती पोथी जमवली आणि १४६८ मध्ये सगळा संग्रह व्हेनिसला दिला. त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. पण त्या पोथ्या व्हेनिसमध्ये कित्येक दशकं पेट्यांत बंद राहिल्या. त्यांच्यासाठी ग्रंथालयाची इमारत बांधायला घेतली ती १५३७ मध्ये.